आईची साखर वाढते, बाळाची का उतरते?

प्रसूतिगृहाबाहेर पेढ्यांचा पुडा फुटलेला असतो. बाळ पावणेचार किलोचे, गुटगुटीत. आजीला किती कौतुक करू आणि किती नको असे झालेले असते. तासाभराने परिचारिका येते आणि बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेते. आजी हबकते. ‘सिस्टर, साखर तर आईला आहे. एवढ्याशा जिवाला कशाला टोचता? त्यालाही झाली की काय?’ ‘नाही आजी, त्याची साखर वाढली का ते नाही बघत. उतरली तर नाही ना, ते बघतेय.’

हे उत्तर ऐकून घरचे आणखी गोंधळतात. नऊ महिने सगळ्यांनी आईची साखर वाढू नये म्हणून धडपड केली. गोड बंद केले, भात कमी केला, कोणाला इन्शुलिनची इंजेक्शनेही घ्यावी लागली. आणि आता बाळाची साखर कमी होण्याची भीती? हा प्रसंग कोणत्याही एका रुग्णालयातला नाही. राज्यातल्या जवळपास प्रत्येक प्रसूतिगृहात तो थोड्याफार फरकाने घडतो. यापुढे तो अधिक वेळा घडणार आहे.

कारण आकडे तसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, जागतिक मधुमेह दिनी, गर्भारपणातील मधुमेहावर आपली पहिली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जगात दर सहा गर्भारपणांपैकी एकात, म्हणजे वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख स्त्रियांमध्ये, रक्तातील साखर वाढलेली आढळते, असे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेत भारतासाठी हे प्रमाण १० ते १४ टक्क्यांच्या घरात धरले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि त्याहूनही जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांत बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियाही आल्याच. त्यामुळे आईच्या साखरेचा बाळाच्या साखरेशी काय संबंध, हे आता केवळ डॉक्टरांनी जाणून घेण्याचे प्रकरण राहिलेले नाही.

नाळ कापल्यानंतरचा तास

गर्भारपणात वारेतून काही संप्रेरके स्रवतात. आईच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव ती कमी करतात. हेतू चांगला असतो. आईच्या पेशींनी साखर थोडी कमी वापरावी आणि ती बाळाला मिळावी, अशी ही निसर्गाची सोय आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून हा ताण पेलते. ज्यांना ते जमत नाही, त्यांची साखर वाढते. यालाच गर्भारपणातील मधुमेह म्हणतात. काहींना मधुमेह आधीपासूनच असतो. त्यांच्या बाळांना धोका अधिक, कारण तिथे साखर पहिल्या आठवड्यांपासूनच, बाळाचे अवयव घडत असतानाच वाढलेली असू शकते.

पुढचा भाग महत्त्वाचा. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. म्हणजे बाळाकडे जादा साखर पोहोचते. ती वापरायला लागणारे इन्शुलिन मात्र बाळाला स्वतःच तयार करावे लागते. बाळाचे इवलेसे स्वादुपिंड ते इमानाने करते. साखरेचा लोंढा जितका मोठा, तितके इन्शुलिन जास्त. डेन्मार्कचे डॉक्टर योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात ही मांडणी केली आणि आजही ती ‘पेडरसनचा सिद्धांत’ म्हणूनच शिकवली जाते.

गर्भासाठी इन्शुलिन वाढ घडवणारे संप्रेरकही असते. त्यामुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते, यकृत मोठे होते, काहींमध्ये हृदयाच्या कप्प्यांमधली भिंतही जाड होते. आजीला दिसणारा गुटगुटीतपणा अनेकदा या जादा इन्शुलिनचा परिणाम असतो.

मग जन्म होतो, नाळ कापली जाते आणि साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो. बाळाचे स्वादुपिंड मात्र लगेच थांबत नाही. गिऱ्हाईक गेल्यावरही भट्टी पेटलेलीच राहावी, तसे ते काही तास, कधी दिवस-दोन दिवस, जास्तीचे इन्शुलिन सोडत राहते. आत येणारी साखर बंद आणि असलेली साखर भराभर खर्च, अशी ही अवस्था असते. परिणामी रक्तातील साखर उतरते.

जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत निरोगी बाळाचीही साखर थोडी खाली येतेच. पण त्याचे शरीर सावरते. यकृतातला साठा मोकळा होतो, चरबीपासून कीटोन नावाचे पर्यायी इंधन तयार होते आणि मेंदूचे काम चालू राहते. जादा इन्शुलिन नेमकी हीच सोय बंद पाडते. ते यकृतातली साखर बाहेर येऊ देत नाही आणि कीटोनही तयार होऊ देत नाही. म्हणजे मेंदूची दोन्ही इंधने एकाच वेळी तुटतात. दुसऱ्या बाळाची साखर ४० असणे आणि मधुमेही आईच्या बाळाची ४० असणे, यांत फरक पडतो तो इथे.

किती कमी म्हणजे कमी?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण बालरोगतज्ज्ञांमध्ये त्यावर अनेक वर्षे वाद आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत नवजात बाळाची साखर दर डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती कमी मानावी, असे म्हटले आहे. इतर देशांत हा आकडा थोडा वर-खाली आहे.

वादाचे कारण असे की, किती कमी साखर किती वेळ राहिली म्हणजे मेंदूला इजा होते, याची रेषा स्पष्ट नाही. नेदरलँड्समधील १७ रुग्णालयांनी केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एरवी निरोगी असलेल्या, पण साखर कमी होण्याचा धोका असलेल्या ६८९ बाळांचे दोन गट केले होते. एका गटात साखर ४७ च्या खाली गेली की उपचार, तर दुसऱ्यात ३६ च्या खाली गेल्यावरच. दीड वर्षाच्या वयात दोन्ही गटांची वाढ आणि समज सारखीच आढळली. मात्र ३६ पर्यंत वाट पाहिलेल्या गटात साखर फारच खाली जाण्याचे प्रसंग अधिक घडले. न्यूझीलंडमध्ये अशा बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. साडेचार वर्षांच्या वयात, साखर उतरलेल्या मुलांमध्ये लक्ष देणे, कामाचा क्रम लावणे, डोळा आणि हात यांचा मेळ साधणे अशा बाबतींत अडचणी जास्त दिसल्या. तीच मुले नऊ-दहा वर्षांची झाल्यावर अभ्यासातील प्रगतीत मात्र फरक दिसला नाही.

थोडक्यात, थोड्या वेळासाठी किंचित उतरलेल्या आणि लगेच सावरलेल्या साखरेमुळे आईवडिलांनी रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. पण खूप खाली गेलेली आणि तासन्‌तास कोणाच्या लक्षात न आलेली साखर ही वेगळी गोष्ट आहे. अशी साखर मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागाला कायमची इजा करू शकते. मुंबईतील बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदानी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये दाखवून दिले होते की, बाल्यावस्थेत सुरू होणाऱ्या फेफऱ्यामागे नवजात काळात उतरलेली साखर हे आपल्याकडे वारंवार सापडणारे कारण आहे. हा धोका फक्त मधुमेही मातांच्या बाळांपुरता नाही; कमी वजनाची, वेळेआधी जन्मलेली, दूध नीट न मिळालेली बाळेही त्यात येतात. पण मधुमेही आईच्या बाबतीत एक फरक आहे. इथे धोका जन्माच्या आधीच माहीत असतो. मग तो टाळता न येणे हे व्यवस्थेचे अपयश ठरते.

शिवाय लक्षणांची वाट पाहून चालत नाही. हातपाय थरथरणे, सुस्ती, दूध न ओढणे, अंग गार पडणे, श्वास मध्येच थांबणे, झटके येणे ही लक्षणे खरी. पण अनेक बाळे साखर उतरलेली असतानाही शांत झोपलेली दिसतात. ‘बाळ किती गुणी, रडतच नाही’ असे कौतुक चालू असते. म्हणून टाचेची टोचणी लागते. राष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार ती जन्मानंतर एका तासाने सुरू करायची आणि पुढे दर चार तासांनी, दूध पाजण्याआधी, सलग चार नोंदी समाधानकारक येईपर्यंत करायची.

पट्टीवरच्या यंत्रालाही मर्यादा आहेत. ते मोठ्यांच्या साखरेसाठी बनवलेले असते. नवजात बाळाचे रक्त दाट असते आणि कमी आकड्यांवर यंत्र चुकू शकते. म्हणून शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तिथेही नमुना तासभर पडून राहिला तर नळीतल्या रक्तपेशीच साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून शहाणी पद्धत अशी की, नमुना पाठवायचा, पण अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करायचे.

वजनकाट्याला न दिसणारी चरबी

‘बाळ मोठे असेल तरच धोका’ हा समज आपल्याकडे विशेष फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. नाळेतल्या रक्तात इन्शुलिनही वजनाच्या मानाने जास्त आढळले. ‘दिसायला बारीक, पण चरबीने जाड’ असे भारतीय बाळाचे हे वर्णन जगभर उद्धृत झाले.

याचा व्यवहारात अर्थ असा की, २.९ किलोचे ‘अगदी बेताचे’ बाळसुद्धा आईला मधुमेह असेल तर इन्शुलिनने भारलेले असू शकते. आईला रक्तदाबाचा त्रास असल्यास किंवा जुन्या मधुमेहाने रक्तवाहिन्यांवर परिणाम झाला असल्यास बाळ उलट कमी वजनाचेही असते. त्याच्याकडे तर साखरेचा साठाच तुटपुंजा. त्यामुळे टोचायचे की नाही हे आईच्या मधुमेहावरून ठरायला हवे. बाळाच्या वजनावरून ठरवले तर चूक होईल.

चाचणी होते, निरोप पोहोचत नाही

भारतात गर्भारपणातील मधुमेहाची तपासणी सोपी ठेवली आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजायचे, पोटात अन्न असो वा नसो, आणि दोन तासांनी साखर मोजायची. ती १४० किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करायची. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा आग्रह धरला. त्यामागचे कारण सरळ होते: दहा-पंधरा किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या गर्भवतीला ‘उद्या उपाशीपोटी ये’ म्हटले, तर ती येईलच याची खात्री नसते. उपाशीपोटी आणि त्यानंतर दोनदा रक्त तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत अधिक काटेकोर आहे आणि एकाच नमुन्यावर काही स्त्रिया निसटतात, ही टीका रास्त आहे. पण जी चाचणी होते, ती न होणाऱ्या चाचणीपेक्षा केव्हाही बरी.

आईवर उपचार केल्याचा फायदा होतो याविषयी शंका उरलेली नाही. ऑस्ट्रेलियात १,००० स्त्रियांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार, साखरेची देखरेख आणि गरजेनुसार इन्शुलिन दिल्यावर बाळांमधील गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. मात्र बाळाची साखर उतरण्याचा धोका त्याने शून्यावर येत नाही. शेवटच्या काही तासांतली, म्हणजे कळा चालू असतानाची आईची साखर इथे मोठी भूमिका बजावते. त्या वेळी ती वाढली, किंवा आईला विचार न करता ग्लुकोजची सलाइन लावली गेली, तर बाळाचे स्वादुपिंड पुन्हा इन्शुलिन ओतू लागते. म्हणून ‘नऊ महिने साखर ताब्यात होती, आता तपासायचे कशाला?’ हे म्हणणे बरोबर नाही.

खरी गळती वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. तपासणी पुण्यात किंवा ठाण्यात झालेली असते आणि प्रसूती होते लातूर किंवा चिपळूणला. फाइल सासरच्या कपाटात राहते. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर ज्या डॉक्टरांपुढे ती येते, त्यांनी तिला कधी पाहिलेले नसते. मधुमेह केवळ आहारावर ताब्यात असेल तर ‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला घरचे खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. कोणी लपवाछपवी करत नाही, तरी बाळाची टाच टोचली जात नाही. सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड हे खरे तर याच कामासाठी आहे, पण त्यावर साखरेची नोंद ठळकपणे झालेली असेल तरच त्याचा उपयोग.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. चाचणीचा निकाल कार्डावर लाल शाईने लिहिणे, प्रसूतिकक्षात दाखल करतानाच्या प्रश्नांमध्ये ‘गर्भारपणात साखर वाढली होती का?’ हा प्रश्न घालणे आणि नवजात कक्षात टाचेच्या तपासणीचा तक्ता लावणे, एवढ्याने बरेच काम होते. पण पट्ट्या संपल्या, एका परिचारिकेकडे रात्रपाळीत वीस खाटा आल्या, खाटांच्या टंचाईमुळे बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले, की कागदावरची चार तासांची तपासणी कागदावरच राहते. धोरणाची परीक्षा तिथे होते.

चीक आधी, मध नकोच

बाळाची साखर कमी आहे म्हटल्यावर घरातल्यांचा पहिला विचार साहजिक असतो: मग चाटवा थोडा मध, पाजा साखरपाणी. हे करू नये. मधात असलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. साखरपाण्याने आकडा थोडा वेळ वर जातो, पण दुधातली स्निग्धांशाची आणि प्रथिनांची शिदोरी त्यात नसते. जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

पहिला उपाय म्हणजे आईचा चीक. जन्मल्यावर लगेच बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासाच्या आत पाजावे. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी पाजावे. बाळ झोपले असेल तर उठवून. अंग गार पडले की बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर जाळते. म्हणून लगेच अंघोळ घालू नये. टोपी, मोजे आणि आईची कुशी पुरते. सिझेरियन झाले तरी हे शक्य आहे. बाळ ओढत नसेल तर चीक पिळून वाटी-चमच्याने पाजता येतो.

तरीही साखर वर येत नसेल, तर पुढचा उपाय डॉक्टरांचा. न्यूझीलंडमधील २०१३ च्या अभ्यासात ४० टक्के डेक्स्ट्रोजचे जेल गालाच्या आतून चोळल्याने फायदा झाला. उपचार अपुरा पडण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. साखर फार खाली असेल किंवा लक्षणे दिसत असतील, तर शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते आणि बाळाला नवजात कक्षात ठेवावे लागते. बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत सावरतात. बाळाला ‘जन्मजात मधुमेह’ झालेला नसतो, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवे. आणि हा दोष आईने खाल्लेल्या डोहाळेजेवणातल्या जिलबीचा नाही, हेही. वारेच्या संप्रेरकांचा, आनुवंशिकतेचा आणि वजनाचा हा हिशेब आहे. बाळंतिणीला दोष दिल्याने तिचे दूध वाढत नाही.

सहा आठवड्यांनंतरची विसरलेली तारीख

बाळ घरी येते, बारसे होते, डिंकाचे-अळिवाचे लाडू सुरू होतात आणि साखरेचा विषय मागे पडतो. पण गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तिची ग्लुकोज तपासणी करायची असते. ती बहुतेकींची राहून जाते.

योगायोग असा की, सहाव्या आठवड्यात बाळाच्या लसीची तारीखही असते, आणि ती सहसा कोणी चुकवत नाही. आशाताईंची घरभेटही ४२ व्या दिवशी ठरलेली असते. बाळाला लस टोचायला आणलेल्या आईला त्याच बाकावर ग्लुकोजचा पेला दिला, तर एका खेपेत दोन कामे होतील. पुढच्या बाळंतपणाआधी तिची साखर कुठे आहे हे कळेल आणि पुढच्या बाळाच्या टाचेची वेळ येण्याआधीच धोका कमी करता येईल.

तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे. गर्भारपणात साखर वाढली असेल तर ते सोनोग्राफीच्या अहवालाइतकेच जपून लिहून ठेवावे, माहेरी जाताना फाइल पिशवीत टाकावी आणि प्रसूतीला दाखल होताना कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आणि तासाभराने परिचारिका बाळाची टाच टोचायला आली, तर तिला अडवू नये. उलट ती आली नाही, तर आजीनेच जाऊन विचारावे, ‘सिस्टर, बाळाची साखर बघितली का?’